नारळ आधी, भूमी नंतर

पुण्यातल्या चांदणी चौकातल्या उड्डाणपुलाचं भूमिपूजन केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी ऑगस्ट 2017 मध्ये केलं, तेव्हा लागणाऱ्या जागेतली बरीचशी ताब्यातच आलेली नव्हती. भूमिपूजनाला भूमी लागतेच असं कुठे आहे? नारळ लागतो.

वाटणी अशी ठरली होती: पूल आणि रॅम्प राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण बांधणार, जागा पुणे महापालिका मिळवून देणार. म्हणजे लग्न दिल्लीच्या थाटात आणि कार्यालयाचं भाडं मुलीच्या बापाकडे. पालिकेने जागामालकांना टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायचा बांधकामाचा हक्क, देऊ केला. मालक म्हणाले, कागद नको, रोख द्या. पालिकेने खिसे चाचपले आणि मुंबईकडे पाहिलं. अखेर राज्याने 185 कोटी दिले, तेव्हा कुठे भूसंपादनाची फाइल हलली. हलली म्हणजे या टेबलावरून त्या टेबलावर.

आमचा मावसभाऊ म्हैसूरला, मेटगळ्ळीत राहतो. त्याने फोनवर साधा प्रश्न विचारला, ‘मुंबई-बेंगळूरू हायवे केंद्राचा ना? मग जागेचे पैसे तुमच्या घरपट्टीतून का?’ त्याला म्हटलं, याला भागीदारी म्हणतात.

ही भागीदारी पाचेक वर्षं रखडत असताना चौकात रोज हजारो लोक अडकत होते. त्यांची मोजदाद कुणी केली नाही. मग ऑगस्ट 2022 मध्ये साताऱ्याकडे निघालेले तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे त्याच कोंडीत सापडले. लोकांनी गाडीपाशी जाऊन गाऱ्हाणं मांडलं आणि सगळ्या खात्यांना एकदम जाग आली. बैठका झाल्या, पाहण्या झाल्या, चौकातला जुना पूल पाडायची तारीखही ठरली. नियोजन, निधी, समन्वय वगैरे ठीक आहे, पण एक ताफा अर्धा तास खोळंबला की जे होतं ते वेगळंच.

2 ऑक्टोबर 2022 ला मध्यरात्री एक वाजता सुमारे 600 किलो स्फोटकं लावून पूल उडवला. नोएडाचे जुळे मनोरे पाडणारी कंपनी बोलावली होती, वाहिन्या थेट दाखवत होत्या, अर्धं पुणं जागं होतं. धूर खाली बसला तर पुलाचा सांगाडा तिथेच! काँक्रीट झडलं होतं, सळया मात्र जागा सोडायला तयार नव्हत्या. उरलेलं काम पोकलेनने उरकलं. सांगण्यात आलं की आत अपेक्षेपेक्षा जास्त लोखंड निघालं. सरकारी बांधकाम मजबूत होतं ही तक्रार म्हणून नोंदवली गेल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

12 ऑगस्ट 2023 ला उद्घाटन झालं. खर्च 865 कोटींच्या घरात. खर्चाच्या वेळी प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. श्रेयाला मात्र वाटेकरी नको होता. पाठपुरावा आपण केला आणि फलकावरून आपणच गायब, असं म्हणत कोथरूडच्या माजी आमदार मेधा कुलकर्णी स्वतःच्याच पक्षावर जाहीरपणे रुसल्या.

चौक झालाय मोठा झकास, यात वाद नाही. पहिल्यांदा जाणारा माणूस बावधनला म्हणून निघतो आणि मुळशीच्या रस्त्याला लागतो, पण वेगात लागतो. वांधे आहेत ते पायी चालणाऱ्याचे. साताऱ्याची एसटी पकडायला हातात पिशवी घेऊन आलेल्या बाईने रस्ता ओलांडायचा कुठून, हे आराखड्यात आलंच नव्हतं. आठ रॅम्प झाले आणि पादचारी पुलाची मागणी उद्घाटनानंतर सुरू झाली. केंद्राच्या वाट्यात काँक्रीट होतं, पालिकेच्या वाट्यात जमीन, राज्याच्या वाट्यात 185 कोटी. ती बाई कुणाच्याच वाट्यात नव्हती.

इलाज ठाऊक आहे. एकदा मुख्यमंत्र्यांना पिशवी देऊन एसटीला पाठवा.