कांस्यवीर

शर्यतीचा पहिला परवाना हाती येतो तेव्हा या गृहस्थांची चाळिशी उलटलेली असते. कारखाना मार्गी लागलेला, मुलं हॉस्टेलवर गेलेली. अशात एका वाढदिवसाला बायको कौतुकाने ट्रॅकवर दिवसभर गाडी पळवण्याचं कूपन देते. त्या माउलीला पुढची बिलं दिसत नसतात.

फ्रान्समध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत असे हौशी चालक दरवर्षी भेटतात. एफआयए ही जागतिक संघटना चालकांची प्रतवारी लावते: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ. आपले गृहस्थ ब्राँझ. एलएमजीटी३ गटातल्या प्रत्येक गाडीत एक तरी ब्राँझ चालक असलाच पाहिजे, असा नियम आहे. टायरांची बिलं कुणीतरी भरायला हवीत ना! जत्रेतल्या नाटकात मांडवाचा खर्च करणारा निदान राजा तरी होतो. इथे तो भालदार होतो.

पूर्वी हौशींचा रुबाब वेगळा होता. १९२७ साली जिंकलेल्या बेंटलीच्या दोघा चालकांपैकी एक, डडली बेंजाफील्ड, जंतुशास्त्रज्ञ डॉक्टर. किंबर्लीच्या हिऱ्यांवर गब्बर झालेल्या घरातला वुल्फ बार्नाटो १९२८, १९२९ आणि १९३० अशी तीनदा ल माँला उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला. १९७९ मध्ये नट पॉल न्यूमन चोपन्नाव्या वर्षी दुसरा आला. गृहस्थ बेंजाफील्डचा उल्लेख ‘आमच्यातला’ असा करतात.

ट्रॅकची एक फेरी साडेतेरा किलोमीटरांहून मोठी. तेवढ्यात मागून सर्वांत वेगवान गटातल्या हायपरकार येतात, निळी निशाणं फडकतात, आणि गृहस्थ अदबीने वाट देतात. चालकबदलाच्या वेळी पट्ट्यात हात अडकू नये म्हणून त्यांनी घरी रात्री तालीम केलेली असते. स्टॉपवॉच धरायला कंपनीचा हिशेबनीस. उतरल्यावर पोराच्या वयाचा जोडीदार लॅपटॉपवर दोन रेषा दाखवतो. ‘‘सर, इथे तुम्ही ब्रेक फार लवकर मारता. आणि इथेही. इथे तर गरजच नव्हती.’’ कारखान्यात साहेबांची चूक काढायची कुणाची छाती नाही. ती सोय त्यांनी इथे पैसे मोजून करून घेतली आहे, आणि माझ्या मते एवढ्या खर्चात तीच काय ती वसूल.

पण मेहनतीला फळ येतं. वेळा सुधारतात आणि एक दिवस पत्र येतं: आपल्याला सिल्व्हर श्रेणीत बढती देण्यात येत आहे. घरात सुतक. सिल्व्हर झालं की ब्राँझची खुर्ची गेली, म्हणजे स्वतःच्याच पैशांच्या गाडीत जागा नाही! वर्षभर पार्ट्यांमधून आपल्या वेगाच्या कथा सांगणारे गृहस्थ महागडा वकील गाठतात आणि फेरविचाराचा अर्ज करतात: अर्जदार मुळातच संथ आहे, ती एक फेरी वारा पाठीशी असल्याने झाली, वयोमानानुसार अर्जदार यापुढे आणखी संथ होत जाईल, अशी तो लेखी हमी देतो.