तारीख कसली विचारता, पीस तपासा

बारामती एमआयडीसीतल्या कुठल्याही टर्निंगच्या शेडमध्ये जा. सेटिंग झालं की ऑपरेटर पहिला पीस काढतो, मायक्रोमीटर लावतो, बोअर गेज फिरवतो. क्वालिटीवाल्यानं ओके म्हटल्याशिवाय लॉट सुरू होत नाही. गाडी गेटवर उभी असो, पार्टीचे फोनवर फोन येवोत. एवढी शिस्त पाळणारी माणसं संगणकाचं निघालं की मात्र विचारतात, "डेबियनची नवी आवृत्ती कधी? तारीख का सांगत नाहीत?"

तयार होईल तेव्हा. डेबियन या लिनक्सवर उभ्या मुक्त संगणकप्रणालीचं हे उत्तर मला मनापासून पटतं. १३वी आवृत्ती, 'ट्रिक्सी', ९ ऑगस्ट २०२५ला आली. त्याआधी मार्चपासून टप्प्याटप्प्यानं फ्रीझ लागला. म्हणजे नवी भर बंद, फक्त दुरुस्त्या. गंभीर बग आटोक्यात आले, तेव्हा कुठे जुलैत तारीख जाहीर झाली. हे सगळं जगभरचे स्वयंसेवक करतात. त्यांना मार्चएंडचं टार्गेट नसतं, म्हणून तर कच्चा माल बाहेर पडत नाही.

आपल्या कामाचं उदाहरण घ्या. मशीनच्या मोटरला ठरल्या क्षणीच सिग्नल मिळावा, यासाठी लिनक्सला रिअल-टाइम सोय लागते. ती जवळपास वीस वर्षं मुख्य कर्नलबाहेर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबाहेर, पॅच म्हणून घडत राहिली आणि २०२४मध्ये ६.१२ या कर्नलमध्ये पूर्ण सामावली. ट्रिक्सीत तेच कर्नल आहे. लिनक्ससीएनसी हा फुकट, मुक्त कंट्रोलर ज्याला वापरायचाय, त्याला ही वीस वर्षं किती मोलाची हे वेगळं सांगायला नको.

गरजही दारात उभी आहे. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि शेडमधले कितीतरी जुने संगणक तिथेच अडतात. ६४-बिटचा असेल तर त्यावर डेबियन चालेल. (३२-बिटवाल्यांची वाट आता बंद झाली. ट्रिक्सीचा इन्स्टॉलर त्यांच्यासाठी निघालाच नाही.) हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल, तर तेवढा एक संगणक तसाच ठेवा. बाकीच्यांना का अडकवता?

माझा राग वेगळाच आहे. फ्रीझच्या महिन्यांत चाचणीची आवृत्ती कुणालाही उतरवून घेता येते. पहिला पीस टेबलावर ठेवलेला असतो आणि आपण गेज खिशात घालून लॉटची वाट बघत बसतो. तुमच्या आरएस-२३२ केबलवरून मशीनला प्रोग्राम नीट जातो का, हे बाहेरचा माणूस कसं तपासणार? डिलिव्हरी चलनावर 'श्री' आणि 'र्‍या' नीट उमटतात का, हे मराठी येणाऱ्यानंच पाहायचं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कागद मधेच सोडतो का? सोडला, तर 'रिपोर्टबग' हे डेबियनचं बग कळवायचं साधन उघडायचं, काय केलं आणि काय घडलं ते साध्या इंग्रजीत लिहून पाठवायचं. अर्ज नाही, शिफारस नाही.

पुढच्या आवृत्तीचं नाव 'फोर्की' ठरलंय. बारामती-इंदापूरच्या आयटीआय आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनी लॅबमधला एकेक संगणक तिच्या चाचणीसाठी आत्ताच बाजूला काढावा, आणि शेडवाल्यांनी त्या पोरांना शनिवारी मशीनजवळ उभं राहू द्यावं. केबल, प्रिंटर आणि चलनबुक तुमच्याकडेच आहे.