तोरणमाळात लाईट गेल्यास पाहुण्यांनी अवलंबावयाची कार्यपद्धती

सदर मार्गदर्शन हिवाळ्यात शहाद्याहून सात पायरीचा घाट चढून तोरणमाळला येणाऱ्या आणि एखाद्या घरी मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांसाठी आहे. घरच्या मंडळींना ते लागू नाही. लाईट गेल्याचं त्यांना तुमच्या ओरडण्यावरूनच कळतं.

लाईट गेली की ती सगळ्यांचीच गेली आहे ना, याची आधी खातरजमा करावी. खाली मैदानी गावात त्यासाठी खिडकीतून डोकावलं की भागतं. इथे पाडे टेकड्याटेकड्यांवर विखुरलेले. शेजारी म्हणजे पलीकडच्या उतारावरचा एक मिणमिणता ठिपका. तोही दिसेनासा झाला असेल तर समाधानाचा सुस्कारा सोडायला हरकत नाही.

यानंतर तक्रार. क्रमांक १९१२, देशभर एकच. अट एवढीच की फोनला रेंज हवी, रेंजला टॉवर हवा आणि टॉवरला लाईट हवी. टॉवरची बॅटरी उतरायच्या आत फोन लागलाच तर १२ आकडी ग्राहक क्रमांक विचारतील. तो बिलावर असतो, बिल पत्र्याच्या पेटीत असतं आणि पेटी खाटेखाली. शोधायला पुन्हा बॅटरी लागते, हातातली. तिचे सेल तुम्ही दुपारी गुहा पाहताना संपवलेले असतात. वायरमनच्या नावाने मात्र बोटं मोडू नयेत. तार दऱ्याखोऱ्यांतून वर येते, फांदी नेमकी कुठे टेकली हे पायी हिंडून शोधावं लागतं, आणि अशा रात्री दरीत उतरायला तुम्हीही तयार नसता.

आता थंडी. गावाची उंची सुमारे ११५० मीटर. आकाश निरभ्र असलं की जमीन दिवसभराची ऊब रातोरात उधळून टाकते, आणि थंडीचा कडाका पडला की पहाटे गवतावरचं दव चक्क गोठतं. तेव्हा फ्रीजमधल्या दुधाची काळजी सोडा. पातेलं ओट्यावर ठेवा, मांजराची काळजी करा. मोबाईल आतल्या खिशात अंगाशी धरून बसा, गारठ्यात त्याचं चार्जिंग भराभर उतरतं. सोबत हीटर आणला असेल तर त्यावर ओले मोजे वाळत घालावेत.

घर निवडायची संधी मिळाली तर डोळे झाकून कुडाचं निवडावं. शेणामातीने लिंपलेल्या भिंती, वर कौलं, आत चूल आणि त्याच छपराखाली एका बाजूला बांधलेल्या शेळ्या-वासरं. प्रत्येक शेळी स्वतःची ऊब घेऊन येते आणि तिचं बिल येत नाही. स्लॅबची खोली प्रतिष्ठेची खरी, पण रात्री दातावर दात वाजतात. अशा वेळी निखाऱ्यांची पाटी आत घेऊन दार लावून घ्यायचा मोह होतो. तो टाळाच. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला तो उठू देत नाही. एवढ्या एका सूचनेत विनोद नाही.

शेकोटीपाशी बसण्याचेही नियम आहेत. ओंडके पुरे जाळत नाहीत. तीन ओंडक्यांची टोकं मध्ये भिडवतात आणि जळतील तशी आत सरकवतात. हे काम घरातलं जाणतं माणूस बोलता बोलता पायाने करतं. तुम्ही मदतीला हात घालू नये. मागच्या वेळच्या पाहुण्यांनी घातला, तेव्हा सगळ्यांना अर्धा तास डोळे चोळत बाहेर उभं राहावं लागलं होतं.

दहाच्या सुमारास पाहुण्यांना देशाच्या वीजधोरणावर बोलावंसं वाटतं. बोला, पण विषय इथे नवा नाही. याच अक्राणी तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. सरदार सरोवराची क्षमता १४५० मेगावॅट, त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. त्यापायी राज्यातली ३३ गावं बुडितात आली, ती याच तालुक्यातली आणि शेजारच्या अक्कलकुव्यातली. 'मग तुम्ही स्वतःच वीज का तयार करत नाही?' हा प्रश्न जिभेवर आला तर गिळावा. धडगावकडच्या बिलगावाने ती केली होती. २००३ साली केरळच्या तरुण इंजिनिअरांच्या मदतीने, श्रमदान करून, धबधब्याच्या पाण्यावर १५ किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं आणि गावात दिवे लागले. २००६ साली ते बुडालं. कशाच्या पाण्यात, ते शेकोटीभोवतीचं शेंबडं पोरही सांगेल.

खरी अडचण अंधाराची नसतेच, ती गिरणीची. मका पोत्यात असतो, पीठ नसतं. दोन दिवस लाईट नसली की कोपऱ्यातलं जातं पुढे ओढलं जातं. पाहुण्यांनी हौसेने खुंट्याला हात लावून पाहावा. चार फेऱ्यांत दंड भरून येतात आणि ताटातली दुसरी भाकरी मागताना माणूस विचार करतो. उडदाची डाळ मात्र मागावी.

झोपण्यापूर्वी सगळी बटणं बंद आहेत का ते चाचपून पाहावं. नाहीतर रात्री तीनला लाईट येते, बल्ब, टीव्ही आणि तुमचा हीटर एकदम जागे होतात, मोजे जळतात आणि टोपल्याखालचा कोंबडा सकाळ झाली समजून आरवतो. त्याला गप्प करायचा उपाय अद्याप सापडलेला नाही. मग उठाच. फोन चार्जिंगला लावा, मक्याची गोणी खांद्यावर घ्या आणि गिरणी उघडायच्या आत रांगेत जाऊन उभे राहा. पैसे सुट्टे न्या. पाहुणा म्हणून पुढे सोडत नाहीत.