नानांचा श्रीगणेशा

बिघडलेल्या वस्तूचं नानांना काही वाटत नाही. चालू वस्तू दिसली की ते अस्वस्थ होतात. "चालतंय खरं, पण कुणाच्या हुकमाने?" म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी राउटर धरले. कंपनीने आत घातलेलं सगळं पुसायचं आणि ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवरची मुक्त प्रणाली चढवायची. श्रीगणेशा नानांना भारी आवडतो. आरतीपर्यंत ते थांबत नाहीत.

एखादा नवशिका सापडला की पोथी सुरू. "२००२ साली लिंक्सिसचा निळा-काळा डबा आला, डब्ल्यूआरटी५४जी. लोकांनी आत डोकावलं तर लिनक्स! त्याचा परवाना असा, की डबा विकलास तर सोर्सही दे. २००३ मध्ये द्यावा लागला, आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी जन्मलं." वहिनींनी आणलेला चहा इथवर गार झालेला असतो. "पुढे पाचव्या आवृत्तीत लेकांनी लिनक्स काढलं आणि मेमरी निम्मी केली. निम्मी!" भाऊबंदकीत स्वतःची जमीन गेल्यासारखा आवाज. "शेवटी आपल्यासारख्यांसाठी लिनक्सवालं 'जीएल' मॉडेल वेगळं काढावं लागलं त्यांना." हे घडलं २००५ मध्ये. आपल्यासारखे नाना तेव्हा बँकेत पासबुकं भरत होते.

"नुसतं मॉडेल बघू नकोस, तळाच्या स्टिकरवरची हार्डवेअर आवृत्ती बघ. नाव तेच ठेवून आतली चिप बदलतात," हे नाना प्रत्येकाला बजावतात. स्वतः मात्र ते स्टिकर चष्म्याशिवाय वाचतात. मग चुकीचं फर्मवेअर चढतं आणि राउटरची वीट होते. एकही दिवा धड लागत नाही.

नाना खुलतात ते इथे. डबा उघडायचा, बोर्डावर तीन तारा डकवायच्या, तापकीर गल्लीतून आणलेला यूएसबी-सिरियल अडॅप्टर जोडायचा. "टीएक्स आरएक्सला, आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. चौथ्या पिनेला हात लावायचा नाही! आणि ३.३ व्होल्टच, पाच दिलेस की संपलं. वेग ११५२००." पडद्यावर यू-बूटच्या ओळी धावू लागल्या की नाना हात जोडतात. खरं तर तिथून पुढे टीएफटीपीने नवी फाइल ढकलायचं काम कुणीही करील, त्यामुळे त्यात त्यांना फारसा रस नसतो.

राउटर जिवंत होतो. वायफाय नसतं, कारण ओपनडब्ल्यूआरटी ताजं बसवलं की बहुतेक राउटरांवर वायफाय बंदच असतं.

"सुरक्षितता!" नाना.

"मग आता चालू करा ना," वहिनी.

"आधी फायरवॉल बघतो."

फायरवॉल होईपर्यंत वहिनी आमच्या वायफायवर मालिका बघतात. नानाही फर्मवेअर तिथूनच उतरवतात. परवा ते मला म्हणाले, "तुमचं वायफाय फार संथ आहे हो. एक दिवस राउटर माझ्याकडे द्या."

"देऊ नका हो!" स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या. "माझे अजून चार भाग राहिलेत."