गोपनीय ग्राइंडर

हैदराबादच्या अफझलगंजात गुपित टिकत नाही, आणि ते टिकवायची इथं कुणाला हौसही नाही. उस्मानिया दवाखान्यातून बाहेर पडलेला माणूस आपल्या पित्ताशयातून किती खडे निघाले हे बस येईपर्यंत शेजारच्याला सांगून मोकळा होतो. बेगमबझारात लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या मंडळींचं मानपानावरून काय बिनसलंय हे दुकानदाराला ताटं मोजता मोजता कळतं, आणि ताटं बांधून होईस्तोवर गल्लीला. आमचं बिऱ्हाड अशाच एका भांड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर आहे. खालचा सौदा मला वर ऐकू येतो, आणि मी वर काय करतो ते खाली शेटजींना.

अशा वस्तीत मला पुण्याहून एक अत्यंत गोपनीय दस्तऐवज आला.

मी निवृत्त मास्तर. डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून संगणकावर जे काही असेल ते स्क्रीन रीडर मला वाचून दाखवतो आणि त्याच्या जोरावर मी घरबसल्या भाषांतरं करतो. माझा स्क्रीन रीडर म्हणजे एनव्हीडीए. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं 2006 साली तो लिहायला घेतला, जेम्स टेह हा त्याचा तितकाच अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि दोघांनी तो जगाला फुकट देऊन टाकला. त्याच्या आधीपासून जॉज आहे, पण तो विकत घ्यायचा तर पेन्शनीतून फक्त आवाज परवडतो, वीजबिल नाही. जॉज काढणारे टेड हेंटर मोटरसायकलच्या शर्यती मारायचे. 1978 च्या अपघातात त्यांची दृष्टी गेली आणि 1989 मध्ये त्यांनी जॉज बाजारात आणला. शर्यतीचा वारसा या सगळ्या खानदानात उतरलेला दिसतो. सरावलेला अंध माणूस स्क्रीन रीडर ज्या वेगानं ऐकतो, त्या वेगानं बोलणारा माणूस अजून जन्मायचाय. शेटजी सुरुवातीला म्हणायचे, "मास्टर साब, आप का रेडियो बिगड गया क्या?" आता ते म्हणत नाहीत, पण त्यांचा तो समज गेलाय असं मला वाटत नाही.

तर दस्तऐवज. मेलमधून आलेली फाईल वर्ड आधी संशयानंच उघडतो. वर एक पिवळी पट्टी येते, ती दूर करा मग पुढं चला. ती पट्टी पिवळी आहे हे मी ऐकून आहे. एफ-6 दाबत तिच्यापाशी जायचं, 'एनेबल एडिटिंग'वर एंटर मारायचा, हे माझ्या बोटांना पाठ झालंय. या वेळी पट्टी गेली, एनव्हीडीएनं फाईलचं नाव खणखणीत आवाजात घोषित केलं, आणि नंतर तो गप्प. खालचा बाण दाबला. "ब्लँक." पुन्हा दाबला. "ब्लँक." कंट्रोल-एंड दाबून शेवटाला गेलो. "ब्लँक." पुण्याच्या लोकांनी मला कोरा कागद भाषांतराला पाठवला आणि त्याचे शब्दांवर पैसे ठरवले, असं क्षणभर वाटलं. पुण्याला हिशेब चांगला येतो हे ऐकून होतो, पण इतका?

माझा भाचा हायटेक सिटीत नोकरीला आहे. रविवारी आला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, सगळं लख्ख दिसतंय की. आकृत्यासुद्धा आहेत."

"मग हा का मुका झालाय?"

"लॉक केलंय. रिस्ट्रिक्टेड आहे."

मग त्यानं समजावलं. ऑफिस 2003 पासून वर्डमध्ये ही सोय आहे. फाईल कुणी नुसती वाचायची, कुणी बदलायची, कुणी छापायची, कुणी त्यातला मजकूर उचलायचा, हे पाठवणारा ठरवतो आणि ते हुकूम फाईलच्या पोटातच बसलेले असतात. मला वाचायची परवानगी होती. अगदी नाव घालून होती. अडलं होतं ते वाचण्याच्या रीतीवर. डोळस माणूस पडद्याकडे बघतो तेव्हा वर्डला त्याचा पत्ताही नसतो. माझा स्क्रीन रीडर मात्र सभ्य प्राणी. तो वर्डकडे जाऊन रीतसर मजकूर मागतो. आणि मजकूर मागणारा दुसरा प्रोग्रॅम म्हटला की कुलपाच्या हिशेबी तो चोर. फाटकावरच्या वॉचमननं चपला हातात घेऊन हळूच आत गेलेल्याला सोडावं आणि बेल वाजवणाऱ्याची गचांडी धरावी, तसं हे.

याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, गच्चीबावलीकडे, वर्ड बनवणाऱ्या कंपनीचं मोठं विकासकेंद्र आहे. 1998 पासून त्यांचं बस्तान हैदराबादेत आहे. मुद्दा त्यांच्या ध्यानात आला नाही असंही नाही. परवानगीच्या त्या खिडकीत 'मोअर ऑप्शन्स' उघडलं की खाली छपाई, कॉपी, मुदत यांच्या पंगतीत एक चौकोन असतो: प्रोग्रॅमकरवी मजकूर वाचू द्यायचा की नाही. तेवढ्या चौकोनात टिक मारली की एनव्हीडीए बोलू लागतो. पीडीएफ फायलींतही स्क्रीन रीडरसाठी असाच वेगळा चौकोन होता. शेवटी 2017 च्या नव्या पीडीएफ मानकानं सांगून टाकलं की हा चौकोन रद्दबातल समजा, अंधांचं वाचन अडवायचंच नाही. वर्डच्या कुलपात मात्र टिक मारणारा हात लागतो. आणि तो हात पुण्यात होता.

फोन लावला.

"मॅडम, फाईल उघडली, पण मला वाचता येत नाहीये. एक टिक मारून परत पाठवता का?"

"सर, डॉक्युमेंट कॉन्फिडेन्शियल आहे हो."

"ते कळलं. पण भाषांतर करायचं तर वाचायला हवं ना?"

"वाचा की! वाचायची परमिशन तुम्हाला दिलेलीच आहे. फक्त कॉपी करता येणार नाही."

"मी कानानं वाचतो. माझं ऐकणं तुमच्या कुलपाला कॉपी वाटतंय."

पलीकडे थोडी शांतता. मग मॅडम पुणेरी मार्दवानं म्हणाल्या, "सर, पॉलिसी आहे. आयटीला विचारून सांगते. तोवर तुम्ही सुरुवात करून ठेवा ना."

काय वाचून सुरुवात करू, हे मी विचारलं नाही. पेन्शनर माणसानं सगळेच प्रश्न विचारू नयेत.

कुलपांचे प्रकार बघता माझ्यावर आलेली ही पाळी त्यातली सौम्यच होती. याहून नमुनेदार म्हणजे फक्त भरण्यापुरता उघडा ठेवलेला फॉर्म. अशा फॉर्ममध्ये मजकूर पक्का बंद असतो आणि कर्सर फक्त रिकाम्या जागांवरून उड्या मारतो. दिसणारा माणूस रकान्याशेजारचा प्रश्न वाचतो आणि उत्तर लिहितो. आम्हाला प्रश्नापर्यंत जाताच येत नाही, आम्हाला फक्त उत्तरांच्या जागा ऐकू येतात. "एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. चेकबॉक्स, नॉट चेक्ड. कॉम्बोबॉक्स." एका कार्यालयानं अंध व्यक्तींच्या अडचणी जाणून घेण्यासाठी म्हणून मला असाच फॉर्म धाडला होता. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात पत्ता, एवढं अंदाजपंचे सांगता येईल; पण सातव्या रकान्यात त्यांना माझं वय हवंय, रक्तगट हवाय की सरकारविषयीचं मत, हे कोण सांगणार? भाच्याला शेवटचा चेकबॉक्स कशाचा आहे म्हणून विचारलं. तो बराच वेळ हसत होता. त्यापुढं लिहिलं होतं, "वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो मला मान्य आहे."

आणि एक कुलूप तर कुणी न लावताच लागलेलं असतं. युनिकोड येण्याआधीच्या मराठी फाँटांत टंकलेल्या जुन्या फायली मला अजून येतात. त्यात पडद्यावर मराठी दिसतं, पण आत अक्षरं लॅटिन असतात, वरून नुसता मराठी वेश. माझा स्क्रीन रीडर वेशाला भुलत नाही. तो आतलं खरं वाचतो, आणि मग साहित्य संमेलनाचं निमंत्रण आपटबारासारखं फुटत जातं. एकदा असं निमंत्रण ऐकून शेटजींचा नोकर 'काकांना काही झालं का' म्हणून जिना चढून वर आला होता.

गंमत म्हणजे जुन्या कागदाचं असं काही दुखणं नाही. आजोबांची निजामाच्या अमलातली मराठी पुस्तकं घरात आहेत. पानं हात लावला की तुकडा पाडणारी. त्यांचे फोटो काढायचे, अक्षरओळखीच्या यंत्रणेला द्यायचे, की मधूनमधून अडखळत का होईना ती बोलतात. 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला तेव्हापासून अंधांसाठी पुस्तकाचं असं रूपांतर करायला कुणाची परवानगीही लागत नाही. चार पावलांवरची स्टेट सेंट्रल लायब्ररी 1891 सालची, तेव्हाची आसफिया. तिथं कपाटांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे ग्रंथ आहेत. म्हणजे निजामाच्या काळातला ग्रंथ माझ्याशी बोलायला तयार, आणि परवा पुण्यात टाईप झालेली फाईल तोंड उघडेना.

कायदा बघायला गेलं तर माझी बाजू फार भक्कम आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे मी मॅडमना ऐकवणार होतो. पण जगण्याच्या हक्काची गोष्ट काढली की पुण्याची मंडळी पुढचं काम दुसऱ्याला देतात, असा माझा अनुभव.

म्हणून मी आडवाटेला वळलो. एनव्हीडीएत एक कळ आहे. ती दाबली की तो पडद्याचं चित्र टिपून त्यातली इंग्रजी अक्षरं ओळखतो. मोठ्या आशेनं दाबली. काही नाही. भाचा म्हणाला, बंद फाईल पडद्याचं चित्रही काढू देत नाही, तिथं काळं येतं. कुलूप करणाऱ्यानं डोकं चालवलं होतं हे मान्य करायला हवं. मात्र त्याच सोयीच्या माहितीपत्रकात कंपनीनं स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवलंय की, कुणी पडद्यासमोर कॅमेरा धरून फोटो काढला किंवा बघून हातानं लिहून घेतलं, तर त्यापुढं इलाज नाही.

आता मला सांगा, हे वाचल्यावर माणूस काय करेल?

माझ्या फोनात सीइंग एआय नावाचं ॲप आहे. कागदासमोर फोन धरायचा, तो सांगतो कुठली कड दिसत नाही, आपण फोन हलवायचा, सगळ्या कडा आल्या की तो आपणहून फोटो काढतो आणि वाचायला लागतो. मी फोन पडद्यासमोर धरला. "खालची उजवी कड दिसत नाही," अशा अर्थाचं तो इंग्रजीत म्हणाला. मी मागं सरकलो, खुर्ची सरकली, मांजर उठून गेलं. "डावी कड दिसत नाही." आणखी मागं. पाठ खिडकीला टेकली तेव्हा कुठं सगळ्या कडा त्याच्या पदरात पडल्या. इयरफोन टेबलावर राहिला होता. मग भर दुपारी, उघड्या खिडकीत, फोननं खड्या आवाजात तो अत्यंत गोपनीय दस्तऐवज वाचायला सुरुवात केली.

तो वेट ग्राइंडर होता.

इडलीचं पीठ वाटायच्या नव्या ग्राइंडरचं माहितीपत्रक. प्रत्येक खोक्यात एक घालायचं, बारीक टायपातलं, जे कुणी वाचत नाही आणि ज्यावर लोक लसूण सोलतात. यंत्र चालू असताना भांड्यात हात घालू नये. दगड धुताना साबण वापरू नये. तांदूळ आधी भिजवावेत. ही सगळी गुपितं फोननं एकामागून एक अफझलगंजच्या हवेत सोडली. उडदाच्या डाळीचं प्रमाण सांगेपर्यंत खालचा सौदा थांबला होता.

"मास्टर साब!" शेटजींनी खालून हाक मारली. "ये ग्राइंडर मार्केट में कब आरा? कित्ते का है?"

"शेटजी, वो सीक्रेट है।"

"हौ, समझ गया। डीलर का रेट पूछ के रखो।"

संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन दुकानांतून विचारणा आली. एकानं तर दगडाच्या जागी स्टील असतं तर बरं झालं असतं, अशी तांत्रिक सूचनाही केली. ती मी भाषांतराच्या टिपेत घातली असती, पण मग ती कुठून आली हे सांगावं लागलं असतं.

फोन वाचत गेला, मी मराठी करत गेलो. वर्डची कुलूपबंद फाईल तशीच समोर, कुणी हात न लावलेली, पावित्र्य अबाधित. काम संपलं तरी पुण्याच्या आयटीचं उत्तर आलं नव्हतं. पाठवताना पॉलिसीप्रमाणे मलाही कुलूप लावायचं होतं. ते मी त्यांनीच दिलेल्या खात्यातून, त्यांच्याच रीतीनं लावलं. परवानगीच्या यादीत मॅडमचं नाव घातलं, आणि चौकोनात टिकही मारली. न जाणो, त्यांच्याकडे कुणी माझ्यासारखा असला तर.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन.

"सर, भाषांतर छान झालंय. फक्त एक अडचण आहे. माझ्याकडे फाईल उघडतीये, पण आमच्या वरच्या सरांकडे नाही उघडत."

"तुम्ही एकच नाव दिलं होतं. त्यांचं नाव यादीत नाही."

"हो ना. आणि ते गावी गेलेत, मोबाईलवरच बघतात सगळं. मी काय करते, माझ्या स्क्रीनचे फोटो काढून त्यांना व्हॉट्सॲपवर टाकते. चालेल ना?"

"टाका की," मी म्हटलं. "सगळ्या कडा आल्यात का तेवढं बघा."