ओरिजिनल लंडनला

ठाण्यात टेंभी नाक्यावर राहणाऱ्याला नवरात्रात पाहुण्यांचा तोटा नसतो. देवीच्या रांगेतून सुटलेली मंडळी पाय दुखतात म्हणून आमच्या नानांकडे टेकतात आणि फसतात. पाणी नंतर, आधी भिंतीवरची तसबीर. जुन्या कॅलेंडरची तारखांची पट्टी कापून नानांनी ती चौकटीत बसवलेली. हातात दिवा घेतलेली बाई, ज्योतीपुढे आडवा धरलेला पंजा, बोटांच्या फटींतून पाझरणारा उजेड.

"कोणाचं सांगा!"

पाहुणा हमखास म्हणतो, "रविवर्मा." नानांना हेच हवं असतं. "रविवर्मा गेले १९०६ साली. हे १९४५-४६चं. वरून पाठवलं काय? सावळाराम हळदणकर! आपले सावंतवाडीचे! आणि ही कोणी परकी बाई नव्हे, त्यांचीच मुलगी, गीता." मग सुस्कारा. "ओरिजिनल लंडनला. साहेबानं सोडलंय काय काही?" हे त्यांना कोणी सांगितलं, ते विचारायची सोय नाही. चांगली वस्तू म्हटली की ती लंडनला, हा नानांचा सिद्धान्त.

अशा माणसाला मुलानं म्हैसूर-उटीला नेलं. प्रवासात नानांचं पालुपद एकच, "ठाण्यात काय कमी आहे?" वृंदावन गार्डनची कारंजी बघून म्हणाले, "तलावपाळीला संध्याकाळी या म्हणावं." मिसळीची आठवण तर रोज सकाळी, इडलीच्या साक्षीनं. जगनमोहन पॅलेसमध्ये नातवंडं एका फ्रेंच घड्याळापाशी अडकली. तासाला त्यातले चिमुकले शिपाई संचलन करतात. नानांचे गुडघे बोलायला लागले होते. ते पुढे सरकले, एका अंधारलेल्या जागी शिरले आणि समोर ती!

सून सांगते, पहिलं वाक्य होतं, "कॉपी बरी केलीय." मग पाटी दिसली. चष्मा पुसून वाचली, पुन्हा पुसून पुन्हा वाचली. जलरंग! इतकी वर्षं आल्यागेल्याला तैलरंग म्हणून सांगितलेलं. नाना गप्प. असे गप्प, की सुनेला बीपीची गोळी आठवली.

तेवढ्यात शेजारचा कोणीतरी बायकोला म्हणाला, "रविवर्मा." झालं! नानांनी १९०६पासून सुरुवात केली. रखवालदार कानडीत "पुढे चला" म्हणत असावा. नाना त्यालाही मराठीत गीताबाईंची हकिगत सांगू लागले. दोघांपैकी कोणीच हटेना. गाडीवाला खाली हॉर्न वाजवत होता. रात्री हॉटेलात दिवे मालवल्यावर नानांनी मोबाईलचा टॉर्च लावून त्यापुढे स्वतःचा पंजा धरला. "हे पाण्याच्या रंगात? कागदावर?" असं बराच वेळ चाललेलं. गीताबाई शंभरी ओलांडून २०१८ साली कोल्हापुरात गेल्या, हेही नातवानं तेव्हाच मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. त्यावर नाना हळहळले. "कोल्हापूर! अंबाबाईला जातच होतो की आपण!"

आता लंडन बंद झालंय. आत फोटोला मनाई, त्यामुळे पुरावा म्हणून प्रवेशाचं तिकीट तसबिरीच्या कोपऱ्यात खोचलंय. पाहुण्यांना प्रश्न तोच, पुढचा मजकूर नवा. "छापील प्रतीत काही नाही हो. आम्ही मुद्दाम म्हैसूरला गेलो होतो, याच्यासाठीच."

"मुद्दाम?" आतून काकूंचा आवाज. "खुर्ची शोधत होतात!"

"तू चहा टाक," नाना म्हणतात. "तर काय सांगत होतो, जलरंग..."