ओढणाऱ्याचं गणित

अमेरिकेतला माणूस पिकअपमागे चाकांवरचं घर जोडण्याआधी हिशेब मांडतो. घराचं भरलेलं वजन किती, गाडी ओढणार किती, आणि त्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हुकावर येतो की नाही? कमी आला तर मागचं घर शेपूट हलवतं. जास्त आला तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही.

आमच्या राजूर कॉलरीत एवढा वेळ कुणाला? इथं कोळसा आहे, चुनाभट्ट्या आहेत, हंगामात वणीला जाणारा कापूस आहे. ट्रॉली किती भरायची? वर चढलेला गडी ‘बस्स’ म्हणेपर्यंत. ब्रेक ट्रॅक्टरला असतात. ट्रॉलीला कशाला, तिला कुठं थांबायचंय? उतारावर तीच ट्रॅक्टरला ढकलते, तेवढंच डिझेल वाचतं! चढावर पुढची चाकं उचलली, की बोनेटवर दोन माणसं बसवायची. याला आपण अनुभव म्हणतो.

रात्री कापूस नेणाऱ्या भाऊंनो, निदान हुकाच्या पिनेला खिळ्याऐवजी क्लिप घाला आणि मागं लाल रिफ्लेक्टर लावा. दोन्ही मिळून क्विंटलभर कापसापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.